पालखीतलं दुखणं

सरदार हैबतराव आणि त्यांच्या पालखीचा भोई सटवाजी एकाच दिवशी पकडले गेले. गुन्हाही एकच! राजवैद्यांनी पाठदुखीवर दिलेल्या अफूच्या गोळ्या दोघांनीही चोरून जास्त घेतल्या होत्या. निवाडा ऐकायला दरबार खच्चून भरला.

न्यायाधीश त्रिंबकशास्त्री उपरणं सावरत गरजले, "सरदार दुखणाईत आहेत. त्यांनी महिनाभर राजबागेत वैद्यांच्या देखरेखीखाली विश्रांती घ्यावी. हा भोई मात्र अट्टल अफूबाज! याला तीन वर्षं गडावर दगड फोडायला धाडा."

सटवाजीनं हात जोडून विचारलं, "शास्त्रीबुवा, सरदारांची पाठ कशानं दुखावली?"

"पालखीच्या हिसक्यांनी."

"माझी पाठ त्याच पालखीच्या ओझ्यानं गेली. म्हणजे आत बसून दुखलं तर आजार आणि खालून उचलून दुखलं तर गुन्हा, असंच ना?"

"असंच समज!" शास्त्रीबुवा गुरकावले.

"मग मला पालखीत बसवून गडावर धाडा आणि दांडीखाली सरदारांना घाला. वर पोचेपर्यंत मी आजारी झालेला असेन आणि तुम्हाला गुन्हेगार तिथं आयताच मिळेल!"

दरबार हास्यानं दणाणून गेला. महाराज तर गादीवर लोळायचेच बाकी राहिले. शास्त्रीबुवांनी मुकाट्यानं दोघांनाही राजबागेत धाडलं.

हैबतराव तिथवर पायीच गेले. त्यांच्या पालखीचा भोई आता आजारी होता ना!