भिवराने अर्धी सोडलेली गोष्ट

किती पिढ्यांमागची ही गोष्ट, ते सांगायला आता कोणी उरलेलं नाही. घाटाच्या पायथ्याशी एका गावात भिवरा नावाची म्हातारी राहत असे. बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणून ती पोट भरी. घरात ती एकटीच होती.

एके काळी तिला मुलगी होती. सुंद्री तिचं नाव. दहा वर्षांची असताना मुलं पळवणाऱ्या टोळीने तिला पाणवठ्यावरून उचलून नेलं. पाचव्या दिवशी ती कशीबशी निसटून घरी आली. अंगभर वळ होते. ती सांगू लागली, तशी भिवराने तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "गप्प. झालं ते झालं. कोणापाशी बोलू नकोस, म्हणजे विसरशील."

सुंद्री गप्प झाली. आधी तेवढ्याबद्दल, मग सगळ्याचबद्दल. तिचं खाणं सुटलं, झोप उडाली. वर्षाच्या आत ती गेली. भिवराने लोकांना सांगितलं, पोरीला ताप आला होता.

त्यालाही अठरा वर्षं झाली. मग एका जत्रेतून साळूची मुलगी गोजरी नाहीशी झाली. नऊ वर्षांची पोर. चार दिवसांनी ती एका गुराख्याला करवंदीच्या जाळीत सापडली. मनगटांवर दोरीचे काच उमटले होते. आईने तिला न्हाऊ घातलं, नवं परकर-पोलकं घातलं. पण गोजरी बोलेना. दारावरून बैलगाडी गेली की ती धान्याच्या कणगीमागे जाऊन बसे.

गावातली माणसं भली होती. कोणी एका शब्दाने काही विचारलं नाही. साळूनेही घरात सगळ्यांना बजावलं, "हिच्यासमोर जत्रेचं नाव काढायचं नाही."

हे भिवराच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बांबूच्या कामट्यांचा भारा घेऊन ती साळूच्या ओसरीवर जाऊन बसली.

"आत्या, तिला काही विचारू नका हं," साळू म्हणाली.

"नाही विचारत. टोपली विणते आणि एक गोष्ट सांगते. ऐकली तर ऐकली."

विणता विणता ती सांगू लागली. "एक होतं हरणाचं पाडस. आईची नजर चुकवून ते कोवळं गवत खायला गेलं. तिथे लांडग्यांनी त्याला धरलं. पुढचं मला ठाऊक नाही."

तीन दिवस तिने तेवढीच गोष्ट सांगितली. पहिल्या दिवशी गोजरी कणगीमागेच होती. तिसऱ्या दिवशी उंबऱ्याशी आली. चौथ्या दिवशी भिवरा म्हणाली, "लांडग्यांनी धरलं, तसं पाडस मोठ्याने ओरडलं."

"नाही ओरडलं," गोजरी म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "त्याच्या तोंडात चिंध्यांचा बोळा होता."

साळू आतून धावत आली. "गोजरे, नको गं बाळा, नको आठवूस!"

"साळू, खाली बस," भिवरा म्हणाली. "बोलू दे तिला."

गोजरी खाली मान घालून बोलत राहिली. "लांडग्यांची गाडी होती. पाडसाला पोत्यांखाली घातलं. तिथे आणखी दोन पाडसं होती. ती रडली की लांडगे मारायचे. एका लांडग्याचा कान अर्धा तुटलेला होता."

भिवराचे हात जागच्या जागी थांबले. अठरा वर्षांपूर्वी सुंद्रीही म्हणाली होती, 'आई, त्यातल्या एकाचा कान तुटका...' पुढचे शब्द आईच्या तळहाताखाली विरले होते. त्या माणसाला तेव्हाच धरता आलं असतं. मधल्या वर्षांत त्याने किती पोरं नेली असतील, याचा म्हातारीला विचार करवेना.

"आजी," गोजरीने हळूच विचारलं, "पाडस आईला न सांगता गेलं. मग चूक त्याचीच ना?"

"नाही गं माझे बाई. गवत खायला जाणं हा काय गुन्हा आहे? चूक लांडग्यांची. सगळीच्या सगळी."

"आणि ते घरी आल्यावर त्याची आई काय म्हणाली?"

खोटं सांगणं सोपं होतं. पण भिवरा म्हणाली, "एक आई म्हणाली, गप्प बस, कोणाला सांगू नकोस. तिला वाटलं, यातच पोराचं भलं आहे. ते पाडस गप्प राहिलं आणि झुरून झुरून मेलं."

गोजरीने मान वर केली. मग म्हणाली, "माझं पाडस नाही मरत. ते आईला सगळं सांगतं."

आणि साळूच्या कुशीत शिरून ती सांगू लागली. सांगता सांगता कधीतरी 'पाडस' म्हणायचं ती विसरली आणि 'मी' म्हणू लागली. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. साळूने तिला थांबवलं नाही.

गोजरीच्या बापाने राजाकडे वर्दी दिली. तुटक्या कानाचा माणूस पकडला गेला, तेव्हा भिवरा आपणहून दरबारात उभी राहिली. "माझ्या लेकीनेही यालाच पाहिलं होतं," ती म्हणाली. "ती सांगत होती. मीच तिचं तोंड दाबलं." टोळीला शिक्षा झाली. गाडीतल्या दोन मुलांपैकी एक मिळालं. दुसऱ्याचा पत्ता कधीच लागला नाही.

गोजरी हळूहळू खेळू लागली. गाडी आली की मात्र ती अजूनही आईचा हात घट्ट धरी. पुढे गावोगावची अशी दुखावलेली मुलं भिवराच्या ओसरीवर येऊ लागली. ती प्रत्येकाला गोष्ट अर्धीच सांगे आणि वाट बघे. कोणी आठवड्यात बोलत, कोणाला महिने लागत. एक मुलगा शेवटपर्यंत बोलला नाही. त्याच्याजवळही ती रोज बसे. तिचं स्वतःचं दुःख काही हलकं झालं नाही, पण तिच्या ओसरीवर पुन्हा कोणत्याही लेकराला कोणी गप्प बस म्हटलं नाही.

तात्पर्य : दुखावलेल्या लेकराला विसरायला सांगू नये, त्याला सांगता येईल अशी वाट करून द्यावी आणि ते सांगेल तेव्हा ऐकावं.