शेवटचे षटक

एका विद्यापीठाच्या गावी एकदा एक तरुण प्राध्यापक राहत असे. हेरंब सामक त्याचे नाव. विषय पदार्थविज्ञान, त्यातही वाहत्या हवेचा आणि पाण्याचा अभ्यास. बुद्धी तल्लख, वाचन अफाट आणि बोलणे इतके नेमके, की त्याच्यापुढे अर्धवट वाक्य टाकायची कोणाची छाती होत नसे. चहाच्या वेळी कोणी क्रिकेटचा किंवा नव्या सिनेमाचा विषय काढला, की हा घड्याळाकडे पाही आणि उठून जाई. पुढे पुढे असे झाले, की तो येताना दिसला म्हणजे चालू गप्पा थांबत. लोक नमस्कार करत आणि वाट देत. त्याला वाटे, आपल्याला मान मिळतो आहे.

अनेक वर्षांच्या परिश्रमांनंतर त्याचा एक शोधनिबंध एका नामांकित नियतकालिकाने स्वीकारला. रविवारची दुपार होती. संगणकावर ती बातमी वाचून तो खुर्चीतून उठला आणि खोलीत येरझाऱ्या घालत, हे आता कोणाला सांगावे, असा विचार करू लागला. आईवडील निवर्तले होते. बहीण परदेशी, तिकडे अजून उजाडायचे होते. फोनमधली नावे त्याने वरपासून खालपर्यंत पाहिली. कारणावाचून फोन करावा असे एकही नाव त्यात नव्हते. त्याने फोन खाली ठेवला.

शेवटी तो देवस्थळी सरांकडे गेला. ज्यांच्या हाताखाली तो शिकला, ते हे सर. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. पत्नीच्या निधनानंतर ते एकटेच राहत. दार उघडेच होते आणि सर दूरदर्शन संचासमोर बसून क्रिकेटचा सामना पाहत होते.

हेरंबने बातमी सांगितली. सरांनी त्याचा हात क्षणभर हातात धरला. “फार बरं वाटलं,” ते म्हणाले. “बस. दोनच षटकं राहिलीत.”

हेरंब बसला, पण मनातून दुखावला. सात-आठ वर्षांचे आयुष्य एकीकडे आणि चेंडूफळीचा खेळ एकीकडे, आणि सरांनी पाहावे ते खेळाकडे! एक षटक संपले. आता सहा चेंडूंत नऊ धावा हव्या होत्या. सर उठले, त्यांनी संच बंद केला आणि चपला पायात सरकवल्या.

“चल, चौकात जाऊन येऊ.”

“सर, सामना संपला?”

“नाही.”

“मग बंद का केलात?”

“चल तर खरा.”

ते चौकाजवळ पोहोचतात तोच गर्दीचा एकच हुंकार ऐकू आला आणि मागोमाग शांतता पसरली. विजेच्या वस्तूंच्या दुकानासमोर पन्नासेक माणसे उभी होती. कोणी जागचे हलत नव्हते. सर एका स्थूल गृहस्थांपाशी गेले.

“काय झालं हो शेवटी?”

“हरलो, सर. एका धावेनं.” गृहस्थांनी सुस्कारा सोडला. “तुम्ही पाहिलं नाहीत? अरेरे. पहिल्याच चेंडूला चौकार होता.”

“मग?”

गृहस्थांनी बगलेतली छत्री बॅटसारखी धरली आणि एकेक चेंडू खेळून दाखवला. शेजारचे दोघे मध्येच दुरुस्त्या करू लागले. शेवटचा चेंडू सांगताना त्यांचा आवाज खाली आला. “बाहेर जातोय जातोय म्हणताना आत वळला आणि त्रिफळा उडाला. कसा वळला, देव जाणे.”

कसा वळला, हे हेरंबला ठाऊक होते. हवेतून जाणारी वस्तू का वळते, यावरच त्याचा निबंध होता. तो बोलणार, तोच सरांनी हलकेच त्याचे कोपर दाबले. गर्दीत त्याचे दोन विद्यार्थीही होते. त्याला पाहताच ते गप्प झाले आणि दुसऱ्या बाजूला सरकले. या वेळी मात्र ते त्याच्या लक्षात आले.

परतताना सर तळ्याकाठच्या बाकावर टेकले.

“ही गेल्यावर पहिलं वर्षभर मी सगळे सामने शेवटपर्यंत पाहिले,” ते म्हणाले. “निकाल कळायचा. पण कळून करायचं काय? एकदा ऐन वेळी वीज गेली, म्हणून खाली उतरून विचारलं. त्या माणसानं मला अर्धा तास सामना सांगितला. घरी येताना जाणवलं, की माझ्याशी इतका वेळ कोणी बोलल्याला किती महिने झाले होते. तेव्हापासून शेवटचं षटक मी त्यांच्याकडून ऐकायला ठेवतो.”

“पण सर, हे नाटक झालं.”

“नाटक कसं? मला खरंच माहीत नसतं. माहीत असून विचारणं हे नाटक. ते आपण परीक्षेत करतो.” सर थोडे हसले. “हेरंब, तू आनंद घेऊन माझ्याकडे आलास, चांगलं केलंस. पण एका म्हाताऱ्याच्या शाबासकीवर किती दिवस काढशील? तुला सगळं येतं. मग तुझ्याकडे येणाऱ्यानं काय घेऊन यावं? आपल्याला न येणारं काहीतरी दुसऱ्यासाठी मोकळं सोडावं. माणूस त्या वाटेनंच आत येतो.”

हेरंबने विचारले, “मग एकटेपणा जातो, सर?”

“नाही. संध्याकाळी परत येतोच,” सर म्हणाले. “पण दुपार तरी गेलेली असते.”

दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात रसायनशास्त्राच्या चारुशीला मिराशी एकट्याच चहा घेत होत्या. त्यांचा एकही नवा सिनेमा चुकत नसे, हे साऱ्या विभागाला ठाऊक होते. हेरंब त्यांच्यासमोर जाऊन बसला.

“कालचा सिनेमा कसा होता?”

त्यांनी संशयाने पाहिले. “तुम्हाला काय करायचंय सिनेमाचं?”

“मला त्यातलं काहीच माहीत नाही. सांगता का?”

त्या आधी अडखळत सांगू लागल्या, मग रंगल्या. दुरावलेल्या बहिणींची गोष्ट होती. तीन ठिकाणी तर्क सुटत होता, आणि तिन्ही ठिकाणी हेरंब गप्प राहिला. धाकटी बहीण स्टेशनवर वाट पाहत राहते, तिथे मिराशी बाईंनी हळूच डोळे टिपले.

“ती आली का मग, थोरली?” त्याने विचारले. आणि त्याच्या लक्षात आले, की हे त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

गोष्ट संपली तेव्हा उपाहारगृह रिकामे झाले होते. मिराशी बाईंनी कप पुढे ओढला आणि सहज विचारले, “आणि तुमचं काय चाललंय सध्या?”

नेमके बोलणारा हेरंब पहिल्याच शब्दाला अडला.

“सांगतो,” तो म्हणाला. “पण चहा निवलाय तुमचा. दुसरा मागवू या आधी.”