हौसासाठी तीन ओ

एकदा काय झालं, एक होती कासारीण. तिचं नाव हौसा. तिचं घर कुठे होतं, सांगू? तिच्या गाडीतच होतं. एका बैलाचा छकडा, वर बांबूचं छप्पर, छपराला आतून बांगड्यांच्या माळा. माळांखाली एक गोधडी, एक तवा, एक तांब्या. गाडी चालली की किणकिण किणकिण वाजायची. बाप गेला तेव्हा छकडा तिच्या हाती आला, आणि तेव्हापासून ती एकटीच गावोगाव हिंडायची.

आता कासारणीचं काम कसं असतं बरं का, बाईचा हात हातात धरल्याशिवाय बांगडी चढतच नाही. हौसाने हजार बायकांचे हात धरले होते. पण हात सोडला की काम संपलं. कुणी म्हणायचं, कासारीण आली. कुणी म्हणायचं, कासारीण गेली. हौसा आली असं कुणीच म्हणायचं नाही, कारण तिचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. आणि तीही आपण होऊन सांगायची नाही. तिला वाटायचं, आपण कुणाला त्रास दिला नाही म्हणजे झालं. विस्तव स्वतःचा, पाणी स्वतःचं. कुणाकडे कधी चिमूटभर मीठ मागितलं नाही.

पण तिच्या मनात एक गोष्ट होती. डोंगरापलीकडे एक काचेचं गाव होतं. तिथे भट्ट्या पेटलेल्या असायच्या आणि बांगड्या जन्माला यायच्या. हौसाला नुसत्या विकायच्या नव्हत्या, तिला बांगडी घडवायची होती. लोक म्हणाले, बाई, वाटेत खिंड आहे, एकट्याने कुणी पार गेलेलं नाही. ती म्हणाली, मी जाणार. आणि निघाली.

चालत चालत ती खिंडीपाशी आली. खिंडीच्या तोंडाशी मोठं मैदान होतं. सगळे तांडे तिथे उतरायचे आणि मग पुढे जायचे. आणि खिंडीत बसला होता एक राक्षस. एवढा मोठा की त्याच्या खांद्यावर घारी घरटी करायच्या. त्याच्या पायाशी दगडांच्या गाड्या होत्या, दगडाचे बैल, दगडाची माणसं.

राक्षसाने तिला विचारलं, "तू हरवलीस तर तुला शोधायला कोण येईल? तीन नावं सांग."

रीतच होती ती. पलीकडे दाट धुकं असायचं. त्यात माणसं चुकायची आणि रडत बसायची. राक्षसाला ते रडणं ऐकवायचं नाही आणि जागा सोडून शोधायलाही जाता यायचं नाही. म्हणून तो आधीच विचारायचा. नाव सांगितलं की तो त्या माणसाला हाक मारायचा. ते माणूस कितीही लांब असो, त्याने ओ दिली तर ती खिंडीत ऐकू यायची. तीन ओ आल्या की वाट मोकळी. आणि नाही आल्या तर तो माणसाचा दगड करायचा. त्याचं म्हणणं, दगड झालेलं माणूस निदान हरवत तरी नाही. राक्षसाची अक्कल ती, दुसरं काय!

हौसाने खूप विचार केला. मग खरं तेच सांगितलं, की माझं कुणी नाही.

राक्षस म्हणाला की इतकं खरं बोलणारी तूच पहिली, म्हणून तुला तीन वेळा विचारीन. पहिल्यांदा चुकलीस तर गाडीचं एक चाक दगडाचं. दुसऱ्यांदा दुसरं चाक. आणि तिसऱ्यांदा तू.

दुसरी कुणी असती तर तिथूनच माघारी फिरली असती. हौसाने बैल सोडला, मैदानात मुक्काम टाकला आणि ठरवलं, की माणसं जोडायची.

मैदानात एक वऱ्हाड उतरलं होतं. हौसाने सगळ्या बायकांना फुकट बांगड्या भरल्या. नवरीला हिरवा चुडा, वरमाईला लाखेच्या पाटल्या. बायका खूश झाल्या, हसल्या, हात हलवून बघत खिंडीतून निघून गेल्या. मग हौसा राक्षसापुढे गेली आणि म्हणाली, पहिलं नाव पारू, नवरीची मावशी.

राक्षसाने हाक मारली, "पारू, हौसाला शोधायला येशील का?"

लांबून आवाज आला. "कोण हौसा? आम्हाला नाही बाई ठाऊक."

आणि गाडीचं एक चाक दगडाचं झालं.

हौसा रडली का? थोडी रडली. मग डोळे पुसले आणि जड चाकाची गाडी ओढत ओढत मैदानात आणली.

मग आले मिरच्यांचे व्यापारी. हौसा म्हणाली, बांगड्यांनी नाही जमलं, आता कष्ट करून बघू. तिने त्यांचं पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या, बैलांना वैरण घातली, फाटलेली पोती शिवली. चार दिवस तिने पाठ टेकली नाही. व्यापारी पुढे गेले आणि हौसाने त्यांच्या म्होरक्याचं नाव सांगितलं, भानजी.

राक्षसाने हाक मारली. भानजी लांबून म्हणाला, "बाई कामाला वाघीण आहे. पण शोधायला कोण जातंय? कामाला दुसरी मिळेल."

आणि दुसरं चाकही दगडाचं झालं.

आता मात्र गाडी जागची हलेना. आणि ती उभी होती कुठे? बरोब्बर खिंडीच्या तोंडात! मागून मिठाचा तांडा आला. पाठीवर गोण्या घेतलेले शंभर बैल आणि तांड्याची म्होरकी, म्हातारी नायकीण सोमली. तिच्या मागे गाढवावर भाता लादून कल्हईवाले इब्राहीमबाबा. सगळे अडकले. बैल हंबरायला लागले, माणसं कुरकुरायला लागली.

हौसाने पहार घेतली. एकटीनेच चाकाखाली घालून जोर लावायला लागली. सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत. हाताला फोड आले, फोड फुटले, चाक केसभर हललं नाही. सोमली नायकीण दगडावर बसून नुसती बघत होती.

शेवटी हौसाने पहार खाली ठेवली. आणि पोरांनो, तिने असं काही केलं जे जन्मात केलं नव्हतं. ती सोमलीपुढे जाऊन उभी राहिली.

"मावशी, माझ्याच्याने होत नाही. जरा हात लावता का?"

सोमली म्हणाली, "सकाळपासून वाट बघतेय, तोंड कधी उघडतेस त्याची. नाव काय तुझं?"

"हौसा."

"मग हौसा, आधी बस. दमलेल्या माणसाने गाडी ढकलायची नसते."

सोमलीने तिच्या हाताला हळद आणि तेल लावलं, आणि लावता लावता तिला भरपूर रागावली. मग हौसाच्या लक्षात आलं की आपली चूलच पेटलेली नाही. गारगोटी काढायच्या ऐवजी ती इब्राहीमबाबांकडे गेली आणि म्हणाली, बाबा, विस्तव देता का थोडा? बाबांनी भाता मारला, निखारे फुलवले, पळीभर तिच्या खापरात घातले आणि तिच्या मागोमागच आले. म्हणाले, "बेटी, जिथे माझा विस्तव, तिथे मी जेवायला." मग काय, सोमलीचं मीठ, बाबांचा विस्तव, हौसाचं पीठ. तिघं जेवायला बसली.

जेवताना सोमलीने विचारलं की एकटी का हिंडतेस. हौसाने सगळं सांगितलं. काचेचं गाव सांगितलं, बापाचं सांगितलं, हजार हातांचं सांगितलं. सांगता सांगता तिला हसू आलं आणि रडूही आलं. मग सोमलीने आपल्या दूर दिलेल्या लेकीचं सांगितलं. बाबा म्हणाले, माझ्या ठुशा दुखतात रात्री, कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो. त्यांचे गुडघे हो! ते गुडघ्यांनाच ठुशा म्हणायचे. का, ते हौसाने विचारलं नाही.

मग सगळा तांडा आला. चाळीस माणसांनी खांदा लावला. होऽ म्हटलं की ढकलायचं, होऽ म्हटलं की ढकलायचं. उन्हं कलली तेव्हा गाडी हातभर बाजूला सरकली. तेवढीच, पण बैल जायला पुरली.

हौसा म्हणाली, तुम्ही निघा, अंधार पडायच्या आत धुकं ओलांडायला हवं. सोमली थांबते म्हणाली. हौसाने ऐकलं नाही. शंभर बैल गेले, गाढव गेलं, आणि हौसा राक्षसापुढे एकटी राहिली.

तिचा आवाज खणखणीत होता. ती म्हणाली, "सोमली नायकीण."

राक्षसाने हाक मारली. आणि पलीकडून लगेच आलं, "ओ! आणि तिच्या केसाला धक्का लागला तर मी काठी घेऊन परत येते, सांगून ठेवते."

राक्षस जरा मागे सरकला.

हौसा म्हणाली, "इब्राहीमबाबा कल्हईवाले."

"ओ, बेटी, ओ."

मग तिसरं नाव. तिसरं नव्हतंच, तांड्यातल्या बाकीच्यांची नावं तिने विचारलीच नव्हती. खोटं नाव घ्यायचं नाही, हे तिने ठरवलेलं. सूर्य डोंगराला टेकला. तिच्या पायाची बोटं गार पडायला लागली, दगडासारखी. तेव्हा तिने मान वर करून राक्षसाकडे नीट पाहिलं. किती वर्षं हा इथे बसलाय! सगळ्यांना हाका मारतो. याला कोण हाक मारतं?

ती म्हणाली, "तुझं नाव काय रे?"

राक्षस गडबडला. त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. तो आठवायला लागला. आठवता आठवता त्याच्या खांद्यावरच्या घारी उडाल्या. मग तो लाजून म्हणाला, "आई मला बारकू म्हणायची. भावंडांत मीच लहान होतो."

"बारकू, तू हरवलास तर तुला शोधायला कोण येईल?"

राक्षसाच्या डोळ्यात पाणी आलं. एकेक थेंब घागरीएवढा.

"मी येईन," हौसा म्हणाली. "दर वर्षी याच वाटेने येईन, आणि तू दिसला नाहीस तर शोधीन." मग तिने छाती भरून हाक मारली. "बारकूऽ!"

आणि अख्खा डोंगर हलला, एवढी मोठी ओ आली!

झाली की नाही तिसरी? त्या आवाजाने चाकांचा दगड खळकन् गळून पडला आणि आतून लाकूड निघालं. हौसाची बोटं ऊबदार झाली. राक्षसाच्या पायाशी ज्या दगडाच्या गाड्या होत्या, त्याही मोकळ्या झाल्या. माणसं जांभया देत उठली आणि विचारायला लागली, सकाळ झाली का हो? हौसाने त्यांना मैदानात जेवायला बसवलं. आणि बारकूने रीत बदलली. ज्याचं कुणी नसेल, त्याने माझं नाव सांगावं, आता मी जागा सोडून शोधायला जाईन, म्हणाला.

मग हौसा काचेच्या गावी पोचली. भट्टीपाशी बसली, हात पोळून घेतले, शिकली. पहिली बांगडी वाकडी झाली, दुसरी फुटली, तिसरी अशी झाली की भट्टीवाला म्हातारा ती उजेडात धरून कितीतरी वेळ बघत बसला. पुढे ती दर वर्षी खिंडीतून यायची. मैदानात तिची गाडी लागायच्या आधीच लोक आपले बैल जरा सरकवून घ्यायचे, हौसाला जागा हवी म्हणून. कुणी पाणी आणायचं, कुणी शेजारी बसायचं. सोमली रागवायची, इब्राहीमबाबा जेवायचे आणि सगळे आनंदात राहायचे.

तर अशी झाली बरं का हौसाची गोष्ट. आता पाय पांघरुणात घ्या. एकमेकांना जरा सरकून जागा द्या, आणि डोळे मिटा.