हैबतीच्या नावाची गाठ

त्या मुलुखात राजा नव्हता. शंभर डोंगर होते आणि प्रत्येक डोंगरावर अगदी एकसारखा एक दोर होता. कोणी कोणाला शेळी दिली, कोणी कोणाला बांध दिला, त्याची दोराला गाठ पडे. निम्म्याहून जास्त डोंगरांनी एकच शब्द पुकारला की ती गोष्ट खरी. मग सगळीकडे तीच गाठ पडे, आणि पडलेली गाठ कोणाच्या बापालाही सुटत नसे. मुलुखाला याचा फार गर्व होता.

हे काम मातीचे गडी करत. ते साच्यातून निघत आणि आतून पोकळ असत. डोंगरागणिक दोघे भाऊ असत. थोरला कोनाड्यात बसून गाठ मारी, धाकटा कड्यावरून पुकारा करी. काळ्या डोंगरावरचा थोरला हैबती, धाकटा लिंबा. लिंबा उतावळा होता. वाऱ्यात नीट ऐकू आले नाही तरी तो ओरडून मोकळा होई. हैबती म्हणे, "लिंब्या, चुकलास. पुन्हा ऐक, तोवर मी थांबतो." अख्ख्या मुलुखात लिंबासाठी थांबणारा तो एकटाच होता.

एके दिवशी डोंगराचा कारभारी मुंगूस पाठीवर नवा गडी घेऊन आला.

"जुन्या साच्याची टाच कच्ची निघालीय," तो म्हणाला. "उद्या एखादी घूस तिथून आत शिरेल. थोरले बदलायचे."

"दादाची टाच बघा ना," लिंबा म्हणाला. "कुठं आहे चीर?"

"नसेल. साचा जुना आहे, एवढं पुरे."

"सांगितलं कोणी?"

"वरून आलंय."

"वरून म्हणजे कुठून? आपल्याकडे राजाच नाही!"

"म्हणून तर विचारायला जागा नाही," मुंगूस हसून म्हणाला आणि त्याने मोगरी उचलली.

रीत अशी होती, की गड्याला आधी सांगायचे, दहा आकडे मोजायचे आणि तेवढ्यात त्याने हातातली गाठ पुरी करायची. हैबतीच्या हातात त्या वेळी सात जणांनी वाटून घेतलेल्या विहिरीची गाठ होती, सात पदरांची. तो भराभर वळत होता.

"कारभारी, चार पदर झाले. तीनच राहिलेत."

"नऊ."

"अहो, थांबा की जरा. अर्धी गाठ म्हणजे..."

"दहा."

मोगरी पडली. हैबती आतून पोकळ होता, त्यामुळे आवाज फार मोठा झाला.

मुंगसाने खापऱ्या केरसुणीने कड्यावरून लोटल्या. नवा गडी त्याच कोनाड्यात बसवला, तोच दोर त्याच्या हातात दिला आणि गेरूने कपाळावर तेच नाव लिहिले.

"बघ," तो लिंबाला म्हणाला, "काम जराही खोळंबलं नाही."

नव्याने दोर पाहिला. "हे अर्धवट आहे," म्हणत तो पदर सोडू लागला. लिंबा धावून गेला.

"हात लावू नकोस! ती माझ्या भावाची आहे."

"तुझा भाऊ मीच की," नवा सरळ मनाने म्हणाला. "माझं नाव हैबती."

लिंबाने त्याच्या थोबाडीत मारली. टवका लिंबाच्याच बोटाचा उडाला. नव्याला राग आला नाही. राग त्याच्या साच्यात घातलेलाच नव्हता. त्याने चारही पदर सोडले आणि सात पदरांची गाठ पहिल्यापासून मारली. ती हैबतीच्या गाठींपेक्षा सुबक झाली.

"दादाच्या मरणाची गाठ पाड," लिंबा मुंगसावर ओरडला. आता त्याच्या तोंडी अहो-जाहो उरले नव्हते. "शेळीची पडते, कोंबड्याची पडते. दादाची पाड!"

"मेलंय कोण? हैबती तर हा बसलाय. काय रे हैबती?"

"बसलोय," नवा म्हणाला.

"आणि मुलुखानं म्हटलं, मेला म्हणून?" लिंबाने विचारले.

"निम्म्याहून जास्त डोंगर म्हणू देत," मुंगूस म्हणाला, "मी स्वतः दोर धरतो. नियम म्हणजे नियम."

लिंबा कड्याच्या टोकावर गेला. छाती फुटेल असा तो ओरडला, "हैबती मेला! ऐका रे, हैबती मेला!" त्याच्या गळ्याला वरपासून खालपर्यंत भेग गेली. तरी तो ओरडला, आणि मग कान देऊन उभा राहिला.

समोरच्या डोंगरावरून पुकारा आला. तोही तडकलेल्या गळ्याचा होता. त्याच्या मागून दुसरा आला, मग दरीपलीकडचे सगळे आले. साचा काही एकट्या काळ्या डोंगराचा बदलला नव्हता. प्रत्येक कड्यावर एकेक धाकटा उभा होता आणि जीव तोडून ओरडत होता.

"दौलती मेला!"

"नरसू मेला!"

"सुभान मेला! ऐका रे, सुभान मेला!"

मुंगसाने कबूल केल्याप्रमाणे दोराचे टोक धरले. नव्याने बोटे गाठीसाठी तयार ठेवली आणि एकेक नाव लक्ष देऊन ऐकले. शंभर डोंगरांवरून शंभर नावे आली. त्यातली कुठलीही दोन जुळली नाहीत. सगळा मुलूख एकाच वेळी ओरडत होता, आणि शंभर कोनाड्यांत शंभर दोरांची टोके सरळ, कोरी लोंबत होती.