उघडा डोंगर आणि आटलेली नदी

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाच्या राज्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. अशाच एका राज्यात हेमवती नावाची राणी होती. प्रजेवर तिचा जीव होता, पण राग अगदी नाकावर असे.

तिच्या राजधानीची नदी एका उन्हाळ्यात रोडावली. पुढच्या उन्हाळ्यात तर पात्रात नुसते दगड उरले. विहिरींवर भांडणं होऊ लागली, गुरांनी माना टाकल्या.

सेनापती म्हणाला, "राणीसरकार, नदी डोंगरातून येते. तिथल्या लोकांनीच बांध घालून आपलं पाणी अडवलं असणार. हुकूम द्या, फोडून येतो."

राणीलाही ते पटलं. सैन्य सज्ज झालं.

दरबारात सुमेध नावाचे आचार्य होते. ऊन हवा वर चढते, हे ओळखून त्यांनी रेशमी कापडाचा प्रचंड फुगा शिवला होता. खाली पेटती शेगडी आणि बसायला वेताची टोपली.

"सरकार, लढाईआधी तो बांध एकदा डोळ्यांनी पाहून घ्या," ते म्हणाले.

शत्रूचं बळही कळेल, म्हणून राणी आचार्यांसोबत टोपलीत बसली. दोरखंड सैल झाले, तसा फुगा वर वर गेला. गलबला खालीच राहिला. ज्याचं तिला एवढं कौतुक होतं, तो अर्धवट बांधलेला नवा महाल आता तळहाताने झाकता येईल एवढा दिसत होता.

राणीने नदीच्या कोरड्या पात्रावरून डोंगरापर्यंत नजर फिरवली. बांध कुठेच नव्हता. डोंगरातल्या लोकांच्या बाजूचा उतार हिरवागार होता, त्यातला एक बारीक ओढा अजून चमकत होता. अलीकडचा उतार मात्र लालभडक आणि उघडा. त्यावर ओहोळांनी खोल घळी पाडल्या होत्या.

"तो उघडा डोंगर कुणाचा?"

"आपलाच, सरकार. महालाचं लाकूड आणि वीटभट्ट्यांचं सरपण तिथूनच आलं. झाडांची मुळं पावसाचं पाणी जमिनीत मुरवतात, मग झरे वर्षभर वाहतात. आता तिथे पाऊस पडतो आणि माती घेऊन निघून जातो."

"पण तोड चालू असताना मी स्वतः तिथे गेले होते! तेव्हा रान घनदाट वाटलं होतं."

"रानात उभं राहिलं की चार झाडं दिसतात, सरकार. रान किती उरलं ते दिसत नाही."

राणीने टोपलीचा काठ घट्ट धरला. "फुगा खाली घ्या," ती म्हणाली.

खाली सेनापती वाट पाहत होता. "बांध केवढा आहे, सरकार?"

राणीने बांध आहे म्हटलं असतं, तर कुणी शंका घेतली नसती. सगळ्यांसमोर मान खाली घालण्याची वेळही टळली असती.

"बांध नाही," ती म्हणाली. "पाणी कुणी अडवलं नाही. डोंगर मी उघडा केला, म्हणून नदी आटली. तलवारी म्यान करा."

दुसऱ्या दिवशी ती मोजक्या माणसांसह डोंगरात गेली. तिथला म्हातारा नाईक काठी टेकत समोर आला.

"लढायला आलात?"

"निघाले होते त्यासाठीच. आता रान कसं वाढवायचं ते विचारायला आले आहे."

नाईक हसला. "तोडायला कुणाला विचारलं नव्हतंत, बाई! लावायचं म्हटलं की बरं विचारावं लागतं." तरी त्याने बी दिलं, सोबत माणसंही दिली.

महालाचं काम थांबलं. सैनिकांनी उतारावर चर खणले, लोकांनी रोपं लावली. नदी लगेच काही आली नाही. पुढचे उन्हाळे हालात गेले, लोक कुरकुरले, राणीने बोल ऐकून घेतले. तिचे केस पांढरे झाले, तेव्हा एका वैशाखात बायका नदीवर घागरी घेऊन गेल्या आणि भरून परतल्या.

तात्पर्य: धरणीच्या दुखण्याचा दोष दुसऱ्यावर टाकण्याआधी, आपल्या हातून तिचं काय झालं ते नीट पाहावं.