कडू पाण्याचे कुंड

एका जंगलात, काळ्या कातळाच्या पोटात एक लहानसे कुंड होते, आणि त्यात एक सोनेरी मासोळी राहत असे. ती वळली की पाण्यात ऊन हलल्यासारखे वाटे. पोरांनो, पाण्यावर आलेली हरणेसुद्धा तिला बघताना घटकाभर प्यायचे विसरत. पण एके दिवशी तिच्या अंगाला उवा लागल्या. माशांनाही उवा लागतात बरे. तिळाएवढ्या, चपट्या, रक्त पिणाऱ्या. मासोळी दगडांना अंग घासू लागली. खवले गळाले, उवा मात्र हलल्या नाहीत. बाकीचे मासे म्हणाले, "बाई, तुझी खाज तुझ्यापाशी ठेव. आमच्यात राहू नकोस." आणि त्यांनी तिला कातळाच्या फटीतून शेजारच्या खळग्यात हुसकावले.

कुंडावर आणि खळग्यावर मिळून एक जुना कडुनिंब वाकलेला होता. त्याच्याखाली एक म्हातारे कासव राहत असे. कासवाने गळालेली पाने नाकाने ढकलत खळग्यात लोटली. थोडी लोटली, पाण्याची चव घेतली, मग आणखी थोडी.

"आजोबा, सगळीच लोटा की. अंगाची आग होतेय."

"पोरी, पाणी फार कडू झाले तर उवांच्या आधी तू जाशील. दम धर."

पाने उन्हात मुरली, पाणी काढ्यासारखे झाले. तिसऱ्या दिवशी एक ऊ सुटून तळाशी गेली. मग दुसरी. मग मोजता येईनात. मासोळी शेपूटही न हलवता बघत राहिली. त्या पानांना ना दात होते, ना नखे. एवढी वर्षे हा निंब डोक्यावर सावली धरून उभा होता, आणि त्याच्या एकेका पानात हे होते.

"आता निघते, आजोबा."

"थांब. त्या दगडावर बघ."

दगडावर खसखशीसारखे दाणे ओळीने चिकटले होते. "उवांची अंडी ती. त्यांच्या आत औषध शिरत नाही. फुटली की पुन्हा कडू पाणी, तेव्हा खरी सुटका."

मासोळीच्या मनात आले, कुंडातल्या दगडांवरही अशीच अंडी असणार. तिने फटीशी जाऊन सांगितले, तर आतून हसू ऐकू आले, "तुझे कडू पाणी तुलाच लखलाभ."

पंधरा-वीस दिवस गेले. मासोळीचे दुसरे औषधपाणी झाले, अंगावर एकही ऊ उरली नाही. आणि कुंडातले झाडून सगळे मासे दगडांना अंग घासू लागले. कासवाने दिवसभर खपून कुंडातही पाने लोटली, पण मासे पलीकडच्या कोपऱ्यात गोळा झाले. "उवांनी मरू ते मरू, वर हे विष कशाला?" तेव्हा ती बरी झालेली मासोळी फटीतून आत आली आणि जिथे पाणी सगळ्यात कडू होते तिथे जाऊन थांबली. "कडू आहे खरे," ती म्हणाली, "पण सोसवते. या, जागा आहे." तिला हुसकावण्यात पुढे असलेला मासा खाली मान घालून पहिला आला. मागून एकेक करत सगळे आले.

उवा गळू लागल्या त्या दिवशी हरणे पाण्यावर आली, तर कुंडात कसलीच हालचाल नव्हती. सगळे मासे तोंडे वर करून निंबाकडे बघत होते.

तात्पर्य : आजारी सोबत्याला घालवून दिल्याने आजार जात नाही, पाणी सगळ्यांचे एकच असते, म्हणून औषधाचा कडूपणाही सगळ्यांनी मिळून सोसावा.