उकळलेलं विरजण

एका राज्यात एक रुप्याचा सट होता, विरजण ठेवायचं झाकणाचं भांडं. एका जादूगारणीनं तो राणी मयूरावतीला भेट दिला होता. त्यातलं विरजण लावलं की दही सुरीनं कापावं असं घट्ट लागे. अट एकच होती. विरजण मागेल त्याला द्यावं, मनापासून द्यावं.

राणी नाही कुणालाच म्हणत नसे. पण धाकटी जाऊ कुंदप्रभा कढी करी, राजा वाटी चाटूनपुसून घेई, आणि राणीच्या पोटात दुखे.

एके दिवशी कुंदप्रभा वाटी घेऊन आली. "अक्कासाहेब, विरजण द्याल?"

"देते की!" राणी गोड हसली. आत गेली, विरजण उकळलं, निववलं, मग वाटीत घातलं. उकळलेल्या विरजणानं दूध कसलं लागतंय! आज हिची कढी होते कशी, तेच बघू.

त्याच संध्याकाळी राजपुत्र वीरभानूला अंगरखा सैल झाला. दुसऱ्या सकाळी तो आईच्या गुडघ्याएवढा, दुपारी तांब्याएवढा. वैद्यांनी हात टेकले.

तेव्हा खुंटीवरची साळुंकी बोलली. "राणी, सटाची अट मोडलीस. हा कोतेपणाचा शाप."

"मी कोती? मी तर हात भरून देते!"

"कंजुषाला आपलं सोडवत नाही. कोत्याला दुसऱ्याचं पाहवत नाही. तीन गोष्टी कर. जावेला तुझा नवलखा हार दे. तिला तुझ्या पाटावर बसव. मग तिच्याकडे विरजण माग."

राणीनं हार दिला. पाटही दिला, दातओठ खात दिला. पोर तसूभरही वाढलं नाही. तिसरं मात्र होईना. जिच्या कढीवर जळले, तिच्याच दारात वाटी घेऊन जायचं? इकडे वीरभानू ओंजळीत मावू लागला. तो "आई" म्हणाला, तेही तिला ऐकू आलं नाही. मग मात्र तिनं पोराला पदरात घेतलं आणि अनवाणी धावली.

"धाकट्या बाई, विरजण द्या."

कुंदप्रभेनं वाटी भरली. "घ्या अक्कासाहेब. तुमच्याच नावाचं आहे."

"माझ्या?"

"तुम्ही उकळून दिलंत, ते वासावरून कळलं मला. गवळणीकडून दुसरं आणलं. महाराजांनी दही वाखाणलं तेव्हा म्हटलं, अक्कासाहेबांच्या सटातलं."

राणी उंबऱ्यातच बसली. "तुमचं कौतुक मला पाहवलं नाही हो," ती रडत म्हणाली. "तुमच्या हाताला चव आहे. माझ्या नाही."

हे बोलली मात्र, पदरातला वीरभानू इतका जड झाला की तिला उठवेना. शाप सरला, राजपुत्र होता तेवढा झाला.

राणीच्या पोटात पुढंही अधूनमधून दुखायचं, खोटं कशाला सांगा! पण विरजण देताना ती चुलीकडे फिरकत नसे. अजून त्या राज्यात कुणी कोतेपणा करू लागलं की बायका एवढंच विचारतात, "काय गं, विरजण उकळतेस की काय?"